गवताला मार्चअखेर कळत नाही

सह्याद्रीतल्या रानवनस्पतींची मोजदाद करणाऱ्या माणसाला बिबट्याची भीती नसते, सापाची थोडीफार असते आणि जळवांची सवय झालेली असते. त्याला खरा धसका असतो मार्चअखेरचा.

प्रकल्पाचा प्रस्ताव जातो उन्हाळ्यात. पावसाळ्यात तो या टेबलावरून त्या टेबलावर सरकतो. दिवाळीनंतर मंजुरीचं पत्र येतं, संक्रांतीनंतर पैसे येतात आणि सोबत तंबी येते, की खर्च ३१ मार्चच्या आत झालाच पाहिजे. मग तीन दुकानांची कोटेशनं गोळा होतात, सूक्ष्मदर्शक येतो, जीपभाड्याची तरतूद होते आणि फेब्रुवारीच्या रणरणत्या दुपारी सगळी फौज सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या पठारावर जाऊन उभी राहते. समोर मैलभर काळा-तांबडा जांभा दगड. त्यावर हिरवं म्हणावं असं एकच काही असतं, ते म्हणजे जीपवरची ताडपत्री.

यात वनस्पतींचा काही दोष नाही. पठारावर मातीचा थर जेमतेम काही बोटांचा. पाऊस पडला की तिचा चिखल होतो आणि उघडला की वीट. या मातीत संसार करायचा तर जूनमध्ये उगवायचं, ऑगस्ट-सप्टेंबरात फुलायचं, ऑक्टोबरात बी टाकायचं आणि मोकळं व्हायचं. उरलेले सात-आठ महिने ती मंडळी बियांच्या नाहीतर कंदांच्या रूपात जमिनीखाली असतात. जूनमध्ये ती वर येतात, तेव्हा वरच्या जगात ‘इंधन या शीर्षाखालील तरतूद संपुष्टात आलेली’ असते.

अशा मोहिमांवर मी हौसेनं जातो. वनस्पतिशास्त्राशी माझा रीतसर संबंध काही नाही. पण पावसात नोंदवही कोरडी ठेवायला कुणीतरी लागतं आणि छत्री धरायला पदवी लागत नाही. छत्रीखाली उभ्या माणसाला काम कमी आणि दिसतं फार. मला जे दिसलं ते असं, की वनस्पतींचं सर्वेक्षण ही जगातली सर्वांत उलटी हजेरी आहे. शाळेत मास्तर रोज येतात आणि पोरं दांड्या मारतात. इथे पोरं ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी गुमान उभी असतात. मास्तरच वर्षातून दोनदा येतो, समोर कुणी दिसलं नाही की ‘गैरहजर’ लिहितो आणि निघून जातो.

आता शेवळाचंच घ्या. मे महिना सरता सरता, पहिल्या सरींच्या आगेमागे, कोकणातल्या रानात जमिनीतून त्याचा फुलोरा वर येतो. तेव्हा त्याला पान नसतं. पान येतं नंतर, पाऊस लागल्यावर. आणि तेव्हा फुलोरा नसतो. म्हणजे एकाच कंदाचं तोंड बघायला एकदा जायचं आणि अंग बघायला दुसऱ्यांदा. प्रकल्पाला फेरी एकच मंजूर असेल, तर नोंदवहीत एक तर बिनपानाचं फूल येतं किंवा बिनफुलाचं पान, आणि पुढे दोन विद्यार्थी त्यावरून भांडतात. पनवेल-कर्जतच्या बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या मावशींना मात्र शेवळं कोणत्या आठवड्यात येतात हे कुणी कळवावं लागत नाही. शेवळं घेतली की घशाला खाज सुटू नये म्हणून त्या शेजारच्या टोपलीतली काकडंही पदरात घालतात. त्यांचं सर्वेक्षण सकाळी सातला सुरू होतं आणि दहाला माल संपून बंद होतं. अहवाल लिहावा लागत नाही.

कंदीलपुष्पाची तऱ्हा आणखी निराळी. गवतात गवतासारखंच दिसणारं हे झाड वर्षातले थोडे आठवडे आपली ओळख दाखवतं. त्याचं फूल म्हणजे खाली फुगीर आणि वर निमुळती होत गेलेली नळी. वासाला भुलून बारीकशी माशी आत शिरते. आतल्या केसांची टोकं खाली वळलेली, त्यामुळे जाता येतं, परतता येत नाही. काही वेळानं केस कोमेजतात आणि माशी परागकणांचं गाठोडं घेऊन बाहेर पडते. सरकारी कचेरीत कामासाठी गेलेल्या कोणालाही ही रचना समजावून सांगावी लागत नाही. फरक इतकाच, की इथे माशीचं काम झालं नाही तरी फुलाचं होतं. पण हे सगळं फूल असेतो. फूल गळालं, की ही कोणती जात हे भले भले तज्ज्ञ सांगायला धजत नाहीत; आणि कंद चवीला बरा लागत असल्यानं साळिंदर, रानडुक्कर आणि गुराखी पोरं या तिघांचं सर्वेक्षण आपल्या आधी उरकलेलं असतं.

कारवीनं तर नियोजन खात्याचा कायमचा पराभव केलेला आहे. ती फुलते सात वर्षांनी एकदा. डोंगरच्या डोंगर जांभळे होतात, मधमाश्यांची चंगळ होते आणि मग झाड बी धरून मरून जातं. प्रकल्पाची मुदत असते तीन वर्षं. सातातली तीन वर्षं म्हणजे फूल हुकण्याचीच शक्यता जास्त. मुदतवाढीचा अर्ज करताना ‘कारण’ या रकान्यात ‘कारवी अद्याप फुललेली नाही’ असं एका प्राध्यापकांनी प्रामाणिकपणे लिहिलं. उत्तर आलं, की संबंधितांकडून विलंबाचा खुलासा मागवावा. संबंधित त्या वेळी घाटमाथ्यावर उभी होती, छातीएवढी वाढलेली, आणि तिच्या हिशोबानं अजून दोन पावसाळे बाकी होते.

हे दुःख केवळ आजचं म्हणावं, तर जुन्या लोकांनी काय केलं हे बघावं लागतं. मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा आजही उघडला जाणारा ग्रंथ लिहिला थिओडोर कुक यांनी. हे गृहस्थ मूळचे इंजिनिअर. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्रिन्सिपॉल होते. निवृत्त होऊन ते विलायतेला गेले आणि १९०१ ते १९०८ या काळात तो ग्रंथ भागाभागानं प्रसिद्ध झाला. लंडनजवळच्या क्यू बागेत, वाळवून कागदावर डकवलेल्या नमुन्यांसमोर बसून काम करण्यात एक मोठी सोय होती. तिथे शेवळाचं फूल आणि पान एकाच कपाटात असतं, कारवी बारमाही फुललेली असते आणि कुणाच्याही चपलेत जळू शिरत नाही.

या ग्रंथाचा हात धरून मूळ जागा शोधायला निघालं, की त्यातली उद्गारचिन्हं भेटतात. नमुना ग्रंथकारानं स्वतः पाहिला आहे, अशी ती खूण. ‘कोकण : स्टॉक्स!’ अशी नोंद असते. म्हणजे स्टॉक्स नावाच्या साहेबानं हे झाड कोकणात गोळा केलं आणि कुक साहेबांनी तो नमुना पाहिला. कोकणात कुठे? त्याला उत्तर नाही. डहाणूपासून सावंतवाडीपर्यंत सगळं कोकण आपल्यापुढे पसरलेलं असतं आणि हातात एक उद्गारचिन्ह. पावसात तिसऱ्या दिवशी, गुडघाभर चिखलात, आपल्याही तोंडून स्टॉक्स साहेबाचं नाव त्याच उद्गारचिन्हासकट निघतं.

तरी या मंडळींना एक गोष्ट मानली पाहिजे. ती ऋतूंच्या मागे हिंडली. डाल्झेल नावाच्या साहेबांना जुन्नरकडच्या डोंगरात एक मांसल झाड सापडलं. १८६५ मध्ये त्यांनी ते जगापुढे मांडलं आणि त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं नाव त्याच्या अख्ख्या प्रजातीला दिलं : फ्रेरिया इंडिका. आपल्याकडे त्याला शिंदळ माकुडी म्हणतात. शिवनेरी, सज्जनगड अशा गडांच्या कड्यांवर ती असते. आणि असतेही अशा ठिकाणी, जिथे शेळीचं तोंड पोचत नाही आणि वनस्पतिशास्त्रज्ञाचा हात. पावसाळ्यात तिला पानं असतात. उन्हाळ्यात पानं झडून नुसत्या काड्या राहतात आणि मग त्या दगडातून वेगळ्या काढणं कठीण होतं. पुढे अभ्यासकांनी तिला आधी कॅरलुमा या प्रजातीत धाडलं, मग बौसेरोसियात. गव्हर्नर साहेब प्रजातीच्या पदावरून उतरले आणि नावाच्या उत्तरार्धात कारकुनी करू लागले. एवढ्या बदल्या झाल्या, पण कड्यावरची झाडं काही जागची हलली नाहीत. गड चढणारी माणसं त्यांच्या बाजूनं ‘जय भवानी’ म्हणत वर जातात आणि खाली येताना विचारतात, की इथे बघण्यासारखं काय आहे?

बघण्यासारखं काय आहे, हा प्रश्न ऐकायचा तर सप्टेंबरातल्या रविवारी कास पठारावर जावं. सह्याद्रीतल्या ज्या जागांना २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला त्यांत कास आहे. तेव्हापासून साताऱ्याहून वर जाणाऱ्या रस्त्यावर गाड्यांनाही बहर येतो. गर्दीला आवर घालायला आधी तारीख नोंदवावी लागते. माणसं महिनाभर आधी रविवार पकडतात. फुलांना मात्र कोणी रविवार कळवलेला नसतो. इथे रंग टिकतात आठवडा-दोन आठवडे. कधी गेंदाचा पांढरा, मग तेरड्याचा गुलाबी, मध्येच सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा, शेवटी सोनकीचा पिवळा. आणि पाऊस लांबला की सगळं वेळापत्रक पुढे.

“अहो, ते फोटोत जांभळं दिसतं ते कुठंय?” रेनकोटातल्या एका गृहस्थांनी आमच्या प्राध्यापकांना विचारलं. प्राध्यापक त्या वेळी पोटावर आडवे होते.

“ते मागच्या आठवड्यात होतं.”

“मग आता काय बघायचं?”

“आता गेंद पिकतोय. त्याचं बी बघतोय मी.”

गृहस्थांनी वाकून बघितलं. पांढरं बटण टाचणीवर खोचावं तसं ते फूल. “हे? हे तर सगळीकडे आहे.”

“तसं नाही. हे वेगळं आणि तुमच्या बुटाखालचं वेगळं. बी भिंगाखाली धरलं की कळतं.”

गृहस्थांनी बूट उचलला, खाली पाहिलं, सौभाग्यवतींकडे पाहिलं आणि म्हणाले, “चल, पुढे तलाव आहे म्हणतात.”

प्राध्यापक आडवे का होते, हेही सांगायला हवं. सर्वेक्षण म्हणजे नुसतं हिंडणं नव्हे. प्लॅस्टिकच्या नळ्यांची मीटरभर लांब, मीटरभर रुंद चौकट जमिनीवर ठेवायची आणि तिच्यात जे जे उगवलंय त्याची नावं आणि संख्या लिहायची. ऐकायला सोपं आहे. कासवर अशा एका चौकटीत गेंद असतो, दोन-चार तऱ्हांचं गवत असतं, लव्हाळे असतात आणि सीतेची आसवं असतात. हे शेवटचं नाव ऐकून डोळ्यांत पाणी आणण्यापूर्वी एवढं ध्यानात घ्यावं, की ही वनस्पती मांसाहारी आहे. त्या निकस, भिजक्या मातीत नायट्रोजन मिळत नाही, म्हणून तिनं चिखलात बारीक बारीक पिशव्या लावून ठेवलेल्या असतात. एखादा सूक्ष्म जीव पिशवीच्या तोंडाच्या केसाला लागला, की झडप उघडते आणि पाण्यासकट तो आत ओढला जातो. सगळा कारभार सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास. आलेली वस्तू इतक्या तातडीनं आत घेणारी दुसरी यंत्रणा आमच्या संपूर्ण प्रकल्पात आढळली नाही.

गवताचं सांगू नये. बहुतेक गवतं फुलोऱ्यावर येतात सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबरात. त्याच वेळी विद्यापीठाच्या परीक्षा असतात, म्हणून विद्यार्थी नाहीत. परीक्षा संपतात तेव्हा दिवाळी असते, म्हणून प्राध्यापक नाहीत. दिवाळी संपते तेव्हा गवत नसतं. कापून, पेंढ्या बांधून, गंजीला लागलेलं असतं. नंतर कुणीतरी वणवा लावतो आणि विषय संपतो. मला तर दाट शंका आहे, की गवतांच्या नोंदी कमी भरतात त्यात गवताचा वाटा कमी आणि फराळाचा जास्त.

पठारावरचं खरं वेळापत्रक ज्यांना पाठ आहे ती माणसं पठारावरच भेटतात, हातात काठी आणि डोक्यावर घोंगडीची खोळ. जावळीकडच्या एका पठारावर ऐन गणपतीत आम्ही दीपकाडीचा फोटो घेऊन फिरत होतो. एक मामा बराच वेळ आमच्याकडे बघत होते.

“काय हुडकताय, सायेब?”

“हे फूल.” फोटो दाखवला.

“ही व्हय! ही आता कुठली घावतीया? ही बेंदराच्या टायमाला येती. तुमी आलाय गणपतीत.”

“आम्हाला रजा आत्ता मिळाली, मामा.”

“आवं, पर तिला कुटं मिळतीया रजा?” असं म्हणून ते म्हशीमागे गेले.

मामांचं पंचांग पक्कं होतं. अमुक फूल बेंदराला, तमुक नागपंचमीला, तेरडा गौरीला, आणि कोणतं गवत म्हैस तोंडी लावते नि कोणतं हुंगून सोडते, हे बारा महिन्यांचं. त्यात नावाचा, कुळाचा, केसरांच्या संख्येचा पत्ता नव्हता. आमच्याकडे नाव, कूळ आणि केसर होते. फक्त झाड नव्हतं.

डोंगर सोडून पाणथळीत उतरलं, की तिथे तारखा ठरवणारे आणखी निराळे. नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचा जलाशय. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, म्हणून जाहीर झालं. तिथे हिवाळ्यात जाणारी सगळी जनता पक्षी बघते. सगळ्यांच्या दुर्बिणी वर, आणि आम्ही तेवढे खाली वाकलेले. “सर, काय पडलं का?” असं लोक आपुलकीनं विचारतात. बदकाच्या फोटोत बदकामागे जे हिरवं धूसर दिसतं, ते पानकणीस आणि लव्हाळे. आम्ही त्या धूसराच्या मागावर असतो. पाणी ओसरलेल्या काठावर चिखल उघडा पडला, की त्यात बारीकसारीक झाडं फुटतात. पण पाणी ओसरणार कधी, हे चंद्रावर नाही, सूर्यावर नाही, तर कालव्याच्या आवर्तनावर. खालच्या उसाला पाणी सुटलं, की इकडे काठ उघडतो आणि वनस्पती घाईघाईनं फुलायला लागतात. पाटबंधाऱ्याची बैठक पुढे ढकलली गेली तर बहर पुढे ढकलला जातो. माणसाच्या कचेरीशी जुळवून घेतलेली वनस्पती मी तेवढी तिथेच पाहिली.

आणि ठाण्याची खाडी. २०२२ मध्ये तीही रामसर यादीत आली. त्याआधी २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला होता. खाजणात मोजणी करायची तर ओहोटीला चिखलात उतरायचं, तिवरांच्या वर आलेल्या मुळांमधून वाट काढायची आणि भरतीच्या आत बाहेर यायचं. आमच्यापैकी एकाकडे भरती-ओहोटीचं अ‍ॅप होतं आणि रेंज नव्हती. नावेवरच्या कोळीदादांनी विचारलं, “आज तिथी काय?” अष्टमी होती. “मग आठाचे पाऊणपट सहा. सहाच्या सुमाराला पुरी भरती. बाराला ओहोटी. तुम्ही साडेतीनला नावेवर असा, नाहीतर मी येतो चारला भाडं वाढवून.” कुणाच्याही सहीची वाट न बघता पाणी वेळेवर गेलं आणि वेळेवर परत आलं. मोजणीही पुरी झाली. समुद्र हे वक्तशीर खातं आहे, आणि त्याच्या हद्दीत काम करणाऱ्यांना वक्तशीर व्हावंच लागतं, एरवी पोहावं लागतं.

पावसाळा संपला आणि अहवालाची वेळ आली. पावसात गोळा केलेले नमुने वर्तमानपत्रांच्या घड्यांत दाबून ठेवलेले होते. ओल राहू नये म्हणून ते कागद रोज बदलावे लागतात. त्यामुळे आमच्या गटाला पुढाऱ्यांची जुनी आश्वासनं तोंडपाठ झाली होती. ती बुरशी धरत नाहीत; वनस्पती धरतात. अहवालात ‘आढळलेल्या जाती’ अशी लांबलचक यादी होती आणि तिच्याखाली ‘न आढळलेल्या जाती’ अशी दुसरी. ही दुसरी यादी वाचून एका अधिकाऱ्यांनी चिंतेनं विचारलं, “म्हणजे या नष्ट झाल्या का?”

प्राध्यापक म्हणाले, “तसं म्हणता येणार नाही. त्या बहुधा आहेत. आपण चुकीच्या दिवशी गेलो.”

“मग योग्य दिवस कोणता?”

प्राध्यापकांनी दर महिन्याला एक फेरी, सलग सात वर्षं, असा प्रस्ताव ठेवला आणि त्या गुराखी मामांसारख्या माणसांना महिना मानधन द्यावं, अशी पुरवणी जोडली. त्यावर गांभीर्यानं चर्चा झाली. मानधनासाठी पात्रता काय, मामांकडे पदवी आहे का, म्हशींचं काय, असे मुद्दे निघाले. जुलैत घाटात दरडी कोसळतात, ऑगस्टात गाड्या चिखलात रुततात, सप्टेंबरात धुक्यामुळे काही दिसत नाही आणि ऑक्टोबरात लेखापरीक्षण असतं, हे सर्वांच्या लक्षात आलं. शेवटी समितीनं ठराव केला, की न आढळलेल्या जातींच्या शोधासाठी पुढील सर्वेक्षण रस्ते पूर्ण कोरडे झाल्यावर, म्हणजे फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात घेण्यात यावं.

ठराव एकमतानं मंजूर झाला. हरकतींसाठी तीस दिवसांची मुदत होती; तिच्यात एकाही वनस्पतीनं हरकत नोंदवली नाही.